तोंडात पिल्ले सांभाळणारा बाप

प्राणिजगतात पिल्लांची उस्तवार बहुधा आईच्याच वाट्याला येते. पण इंडोनेशियातील बांगाई बेटांभोवतीच्या उथळ समुद्रात एक बोटभर मासा राहतो, त्याच्या घरची रीत उलटी आहे. मादी अंडी घालते आणि नराच्या हवाली करून मोकळी होते. नर ती चक्क तोंडात धरतो! सुमारे २० दिवसांनी अंडी फुटतात, तरी पिल्ले आणखी दहाएक दिवस बापाच्या जबड्यातच मुक्काम ठोकतात. तोवर बापाला कडकडीत उपास.

बांगाई कार्डिनलफिश हे या माशाचे नाव. लांबी जेमतेम ८ सेंटिमीटर. रुपेरी अंगावर काळे उभे पट्टे, पांढरे ठिपके आणि दुभंगलेली लांब शेपटी. संकट आले की तो सी-अर्चिन या प्राण्याच्या लांब, काळ्या काट्यांत शिरतो. मग मोठ्या माशांची काय बिशाद त्याला हात लावायची!

१९३३ मध्ये या माशाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षे तो विस्मृतीतच होता. १९९० च्या दशकात पाणबुड्या संशोधकांनी त्याला पुन्हा शोधले, आणि हेच त्याच्या मुळावर आले. देखणे रूप पाहून जगभरच्या हौशी लोकांना तो आपल्या काचेच्या टाकीत हवासा वाटू लागला. २००१ च्या सुमारास वर्षाला ६ ते ९ लाख मासे पकडले जात असल्याचे अंदाज आहेत.

इतर माशांनाही जाळी लागतातच, मग याचीच एवढी चिंता का? प्रवाळावरच्या बहुतेक माशांची पिल्ले प्रवाहाबरोबर दूरवर वाहत जातात आणि रिकाम्या झालेल्या जागा पुन्हा भरून काढतात. बांगाईची पिल्ले बापाच्या तोंडातून बाहेर पडतात ती थेट घराच्या अंगणातच, आणि तिथेच राहतात. त्यामुळे एखाद्या खाडीतले मासे संपले, तर शेजारून नवे येण्याची आशा फारच थोडी. बापाची मायाच अशी महागात पडते. त्यात ज्यांच्या काट्यांत तो आसरा घेतो ते सी-अर्चिन माणसे खाण्यासाठी गोळा करतात. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची नोंद धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या लाल यादीत केली.

दिलासा एवढाच, की हा मासा टाकीतही पिल्ले वाढवतो. बापाच्या तोंडातून ती बरीच मोठी होऊन बाहेर पडत असल्याने त्यांना जगवणे तुलनेने सोपे जाते. त्यामुळे खाऱ्या पाण्याच्या टाकीची हौस असलेल्यांनी दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारावा: हा मासा समुद्रातून धरून आणलेला, की टाकीत जन्मलेला? उत्तर ऐकूनच पाकिटाला हात घालावा.