बिल काढण्याआधी साइट मोबाइलवर उघडून बघा

माननीय मुख्याधिकारी आणि संगणक विभागातील सर्वांना,



आपल्या नगरपरिषदेच्या वेबसाइटचं काम नव्याने काढणार असल्याचं कळलं. निविदा निघण्याआधीच बोललेलं बरं, म्हणून हे पत्र.

पाणीपुरवठ्याचं प्रभागवार वेळापत्रक आज मोबाइलवर उघडलं की अख्खं पान मुंगीएवढ्या अक्षरांत दिसतं. बोटांनी मोठं करावं, तर प्रभागाचं नाव एका बाजूने स्क्रीनबाहेर जातं आणि पाण्याची वेळ दुसऱ्या बाजूने. पानाच्या कोडमध्ये ‘व्ह्यूपोर्ट’ची एक ओळ नसली, की फोन ते पान संगणकासाठीचं समजतो, साधारण ९८० पिक्सेल रुंदीचं धरतो आणि आकसून दाखवतो.

नवी साइट वर्डप्रेस, जूमला किंवा ड्रुपल अशा एखाद्या सीएमएसवर, म्हणजे साइटवरचा मजकूर सांभाळणाऱ्या प्रणालीवर, करून घ्या. तिन्ही मोफत आहेत. स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणाऱ्या पानांची कल्पना वेब डिझायनर ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये मांडली आणि पुढच्याच वर्षी वर्डप्रेसच्या स्वतःच्या थीममध्ये, म्हणजे पानांच्या तयार मांडणीत, ती आली. त्यामुळे ‘मोबाइल व्हर्जन’चे वेगळे पैसे कुणी मागितले, तर देऊ नका. मोबाइलसाठी वेगळी साइट तर मुळीच नको. दोन ठिकाणी सूचना टाकायची म्हटली की एक जागा हमखास शिळी राहते.

पण माझी खरी कळकळ पुढे आहे. थीम कितीही चांगली घेतली, तरी सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून पीडीएफ चढवला की सगळं मुसळ केरात. स्कॅन म्हणजे फोटो. त्यातली ओळ फोनच्या रुंदीत मोडत नाही, शोधून सापडत नाही, आणि दृष्टिहीन माणसाचा फोन ती नीट वाचून दाखवेल याची खात्री नसते. सूचना युनिकोडमध्ये टाइप करून पानावरच टाका, सहीची प्रत हवी तर खाली जोडा. कृतिदेव फाँटमधला जुना मजकूर मात्र आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर पानावर नुसती निरर्थक अक्षरं उमटतील. वेळापत्रकाचा आडवा तक्ताही मोडा: प्रभागाचं नाव, त्याखाली वार आणि वेळ.

माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ माहिती आपणहून लोकांसमोर ठेवायला सांगतं. फोनवर न वाचता येणाऱ्या पानाने ते कर्तव्य पुरं होतं, असं मला वाटत नाही.

सूचना टाकायला ठेकेदाराची वाट बघावी लागू नये. पाणीपुरवठ्याच्या लिपिकाला स्वतःचं लॉगिन द्या, दोन दिवस शिकवा. सीएमएस आणि प्लगिन वेळेवर अपडेट झाले नाहीत तर साइट हॅक होण्याची भीती असते, म्हणून वर्षभराची देखभाल निविदेतच घाला.

आणि एक अट लेखी हवी. शेवटचं बिल काढण्याआधी त्याच लिपिकाने साध्या, स्वस्त फोनवरून, वायफाय बंद ठेवून, एक सूचना टाकावी आणि एखाद्या नागरिकाने ती आपल्या फोनवर वाचून दाखवावी. बोलावलंत तर मी येईन.

आपला,
प्रभागातील एक करदाता