पाडव्याचा डाव आणि मनातील अढी

दीपावलीचा पाडवा म्हणजे बलिप्रतिपदा. जुन्या धर्मग्रंथांनी याच तिथीस द्यूतप्रतिपदा असेही म्हटले आहे. या दिवशी प्रातःकाळी द्यूत खेळावे आणि जो जिंकेल त्याला वर्ष सुखाचे जाते, अशी परंपरागत समजूत आहे. घाटावरचे तालुके असोत की घाटाखालचे, आपल्या बुलढाणा जिल्ह्यात या सुमारास सोयाबीन निघालेले असते, कपाशीची वेचणी सुरू असते, लेकी-जावई घरी आलेले असतात. फराळाची ताटे उचलली की माजघरात सतरंजी अंथरली जाते आणि पत्त्यांचा जोड बाहेर निघतो. खेळ चार घटकांचा आणि पैसे नावापुरते. पण त्यातच कोणाच्या तरी तोंडून शब्द निसटतो, “तुम्ही पान लपवले!” आणि सणाच्या घरात एकाएकी शांतता पसरते.

हा शब्द पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्याच तोंडून निसटला होता. तीन पत्तीचा डाव रंगला होता. आमच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना एकाच रात्री दोनदा ट्रेल लागली, आणि दोन्ही वेळा पाने त्यांनीच वाटलेली होती. “भाऊजी, पत्ते जरा सर्वांना दिसतील असे वाटा,” असे आम्ही बोलून गेलो, आणि तेही त्यांच्या मुलांदेखत. ते एक अक्षर बोलले नाहीत. जिंकलेले सारे पैसे त्यांनी देवघरात नेऊन ठेवले आणि पहाटेच्या पहिल्या एस.टी.ने ताईला व मुलांना घेऊन ते निघून गेले. दुसऱ्या दिवशीची भाऊबीज आमच्या कपाळी आली नाही. पुढची काही वर्षेही आली नाही.

त्यांनी लबाडी केली होती काय? आम्हांस आजही ठाऊक नाही, आणि आमच्या म्हणण्याचे मर्म तेथेच आहे. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० निरनिराळे हात होतात. त्यांपैकी ट्रेल केवळ ५२. म्हणजे सरासरी ४२५ हातांत एक. सहा माणसे एका रात्रीत पन्नास डाव खेळली तर तीनशे हात वाटले जातात. म्हणजे अशा दोन रात्रींपैकी एका रात्री तरी कोणाला ना कोणाला ट्रेल लागावयाचीच. एकालाच दोनदा लागणे विरळा खरे. परंतु विरळा गोष्ट म्हणजे चोरी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला, तेव्हा तीन पत्तीला मात्र निव्वळ दैवाचा खेळ म्हटले होते. दैवाच्या खेळात जिंकणाऱ्याचे नशीब हा त्याच्याविरुद्ध पुरावा कसा ठरावा?

सोळा सोमवारची कहाणी आपल्या घरोघरी वाचली जाते. शिव-पार्वती देवळात सारीपाट खेळत होती. डाव कोणी जिंकला, असे पार्वतीने गुरवाला विचारले. त्याने शंकराचे नाव घेताच देवीला राग आला आणि ‘तू कोडी होशील’ असा शाप तिने दिला. येथपर्यंतची गोष्ट सर्वांच्या ध्यानात राहते. पुढची आपण घाईने वाचतो. व्रताने बरा झालेला तो गुरव देवीला पुन्हा भेटतो. तेव्हा ती त्यालाच उपाय विचारते, आणि रुसून गेलेला आपला पुत्र कार्तिकस्वामी परत यावा म्हणून तेच व्रत स्वतः करते. ज्याला शापिले त्याच्याकडूनच शिकण्यात जगन्मातेला कमीपणा वाटला नाही. वेरुळच्या लेण्यांत या दैवी दांपत्याचा सारीपाट दगडात कोरलेला आहे. देवांच्या घरीही खेळ होता आणि खेळातला रुसवाही होता. मात्र तो रुसवा मिटविण्याची वाटही होती.

तेव्हा आमचे मत असे, की घरच्या खेळात शंका आली तर माणसाचा निवाडा करू नये, डावाचा करावा. “हा डाव फोडू या, पाने पुन्हा वाटू या,” एवढे म्हणून ज्याचे त्याचे पैसे परत करावेत. हा अधिकार घरातल्या वडीलधाऱ्यांनी वापरावा. कोणाचे खिसे चाचपू नयेत, देवाची शपथ घालू नये. बोलायचेच असेल तर दुसऱ्या दिवशी, एकांतात, लेकराबाळांच्या माघारी बोलावे. ज्याच्यावर शंका आली त्यानेही तडकाफडकी उठून जाऊ नये. पाने खाली ठेवून “पुन्हा वाटा” म्हणावे. पिसणारा एक आणि काटणारा दुसरा, हा नियम पहिल्या डावापासूनच पाळावा, म्हणजे नंतर तो कोणाच्या अंगाला लागत नाही.

कोणी म्हणेल, याने लबाडाचे फावेल. तसे होऊ देऊ नये. वारंवार शंका येत असेल तर पैसे लावणे थांबवावे आणि चिंचोक्यांवर खेळावे. लबाडीचा लाभच संपला की लबाडीही बहुधा संपते. युधिष्ठिर द्यूतसभेतून वेळीच उठला नाही, त्याचे फळ साऱ्या कुळाने भोगले. खेळ थांबविण्यात भित्रेपणा नाही, हे आपण त्यावरून शिकावे.

काही वर्षांनी दिवाळीच्या आधी आम्ही स्वतः भाऊजींच्या दारी गेलो. “तुम्ही निर्दोष होता,” असे म्हणालो नाही, कारण ते आम्हांस ठाऊक नव्हते. “ठाऊक नसताना बोललो, आणि मुलांसमोर बोललो, ही माझी चूक,” एवढेच म्हणालो. त्यांनी आत पाहून हाक दिली, “अहो, भाऊ आलाय, चहा टाका.” त्या वर्षी ताईने आम्हांस ओवाळले.

आज संध्याकाळी ज्यांच्या घरी डाव मांडला जाईल, त्यांना आमची एवढीच विनंती आहे. उद्या भाऊबीज आहे. आजचे बोलणे तिचे भान ठेवून असावे.