परतीचा घाटही डायव्हचाच भाग
डायव्ह कॉम्प्युटर निवडताना विदर्भातील हौशी डायव्हरने काय पाहावे?

विशेष प्रतिनिधी
यवतमाळ

नौदलाच्या सेवेतून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली 'गुलदार' ही युद्धनौका फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या स्वाधीन करण्यात आली. सिंधुदुर्गातील निवतीच्या खडकांजवळ ती समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालील संग्रहालय उभारण्याची योजना त्या वेळी जाहीर झाली. पुढे जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गास मान्यता दिली. तेव्हाच्या आराखड्यानुसार यवतमाळसह १२ जिल्ह्यांतून जाणारा सुमारे ८०२ किलोमीटरचा हा मार्ग १८ तासांचा प्रवास ८ तासांवर आणेल, असे शासनाने सांगितले. शेतकऱ्यांचा विरोध पाहता तो केव्हा पूर्ण होईल, हा प्रश्न अलाहिदा. वरकरणी या दोन बातम्यांचा परस्परांशी संबंध नाही. तथापि, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या हौशी डायव्हरसाठी त्या एकाच ठिकाणी येऊन मिळतात. पाण्याखाली अधिक खोल जाण्याची संधी आणि पाण्याबाहेर लवकर घर गाठण्याची सोय, या दोहोंमुळे एकच जोखीम वाढते. त्या जोखमीचा हिशेब ठेवणारे उपकरण म्हणजे मनगटावरचा डायव्ह कॉम्प्युटर.

हिशेब नायट्रोजनचा

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. समुद्रात दर १० मीटर खोलीला दाब एका वातावरणाइतका वाढतो आणि श्वासावाटे घेतलेला नायट्रोजन अधिकाधिक प्रमाणात रक्तात व ऊतींत विरघळतो. डायव्हर सावकाश वर आला तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. घाईने वर आला, किंवा मर्यादेपेक्षा अधिक वेळ खाली राहिला, तर सोड्याची बाटली एकदम उघडावी तसे शरीरात बुडबुडे होतात. यालाच डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात. सांधेदुखीपासून अर्धांगवायूपर्यंत त्याची मजल जाते. त्यावर उच्चदाब कक्षात प्राणवायूचे उपचार करावे लागतात आणि असे सुसज्ज कक्ष गावोगावी नसतात.

या हिशेबाचा पाया ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनी घातला. पुढे झुरिचचे डॉ. आल्बर्ट ब्यूलमान यांनी शरीराच्या ऊतींचे १६ गट कल्पून गणिती प्रारूप मांडले. १९८३ च्या सुमारास हौशी डायव्हरांसाठीचे संगणक बाजारात आले आणि छापील तक्त्यांची जागा हळूहळू मनगटावरच्या पडद्याने घेतली. मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. हे यंत्र डायव्हरच्या रक्तातील नायट्रोजन मोजत नाही. ते केवळ खोली आणि वेळ मोजून अंदाज बांधते. थकवा, अपुरी झोप, आदल्या रात्रीचे मद्यपान किंवा लांबच्या प्रवासात शरीरातील पाणी कमी होणे, यांपैकी काहीही त्याला कळत नाही. या उपकरणांसाठीचे ईएन १३३१९ हे युरोपीय मानकही खोली व वेळ यांच्या अचूकतेपुरतेच आहे. आतले गणित किती सावध, याची हमी ते देत नाही.

यवतमाळची उंची

येथे विदर्भातील डायव्हरचा प्रश्न किनाऱ्यावरच्या डायव्हरपेक्षा वेगळा होतो. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. डायव्हिंगच्या प्रचलित नियमांनुसार ३०० मीटरपुढची उंची 'उंचावरील डायव्ह' मानली जाते. सुंटो कंपनीच्या झूप नोव्होसारख्या उपकरणांत ० ते ३००, ३०० ते १५०० आणि १५०० ते ३००० मीटर असे तीन टप्पे हाताने निवडावे लागतात. जिल्ह्यातील एखाद्या जलाशयात परवानगीने सरावासाठी उतरणाऱ्याने पहिला टप्पा तसाच ठेवला, तर यंत्र त्याला प्रत्यक्षात सुरक्षित असलेल्या वेळेपेक्षा अधिक वेळ देईल. ब्यूलमान यांनी पर्वतीय सरोवरांतील डायव्हचा विचार केला तो याच कारणासाठी. काही नव्या उपकरणांत हवेचा दाब ओळखून उंची आपोआप ठरते. विदर्भातील ग्राहकाने दुकानदाराला विचारावयाचा पहिला प्रश्न हाच असला पाहिजे.

दुसरा प्रश्न परतीचा. 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क' या संस्थेच्या २००२ मधील कार्यशाळेतून पुढे आलेल्या शिफारशी सर्वत्र प्रमाण मानल्या जातात. टप्पे घ्यावे न लागलेल्या एकाच डायव्हनंतर किमान १२ तास, दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डायव्ह केल्यास किमान १८ तास आणि टप्प्याटप्प्याने वर यावे लागले असल्यास त्याहून बराच अधिक काळ विमानप्रवास टाळावा, असे त्या सांगतात. या शिफारशी सुमारे ६०० ते २४०० मीटर उंचीइतक्या हवेच्या दाबासाठी आहेत. मालवणहून दोन-अडीच तासांत गाठता येणारी आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. अर्थात जे बंधन विमानाला, तेच तत्त्वतः घाटालाही लागू होते.

याचा अर्थ मालवणच्या उथळ पाण्यात प्रशिक्षकाचा हात धरून काही मिनिटे उतरलेल्या प्रत्येक पर्यटकाने घाबरून जावे, असा नाही. अमेरिकी नौदलाच्या पुस्तिकेतील तक्ताही शरीरात उरलेला नायट्रोजन आणि गाठावयाची उंची पाहून प्रतीक्षेचा काळ ठरवतो. उरलेले प्रमाण अल्प असल्यास तो अल्पच असतो. प्रश्न आहे तो शनिवार-रविवार चार-पाच डायव्ह करून रविवारी दुपारी गाडीत बसणाऱ्यांचा. रविवारी दुपारी एक वाजता शेवटचा डायव्ह संपला, तर १८ तास सोमवारी सकाळी सातला पूर्ण होतात. आजवर लांबच्या प्रवासामुळे मुक्काम आपोआप घडत असे. रस्ता आठ तासांचा झाला, तर तो मोह आवरावा लागेल. संगणकाच्या पडद्यावर विमानाचे चिन्ह दिसते, घाटाचे दिसत नाही.

काय घ्यावे, काय टाळावे

बाजारात साध्या उपकरणापासून रंगीत पडद्याच्या घड्याळापर्यंत अनेक प्रकार आहेत. सिलिंडरमधील हवेचा दाब दाखविणारा बिनतारी संच किंवा होकायंत्र या सोयी उपयुक्त खऱ्या, पण नवशिक्यासाठी त्या दुय्यम होत. गढूळ पाण्यात सहज वाचता येतील असे मोठे आकडे, गोड्या व खाऱ्या पाण्याची निवड, प्राणवायूचे प्रमाण अधिक असलेल्या नायट्रॉक्स मिश्रणाची सोय आणि गणित अधिक सावध करण्याची मुभा, या चार बाबी आधी पाहाव्यात. शिअरवॉटरच्या उपकरणांत ही सावधगिरी आकड्यांच्या जोडीने, तर सुंटोत वैयक्तिक श्रेणीने ठरवता येते. यवतमाळसारख्या शहरात सेवा केंद्राची अपेक्षा करता येत नसल्याने स्वतः बदलता येणारी बॅटरी असलेले किंवा सहज चार्ज होणारे उपकरण घेणे श्रेयस्कर. जुने उपकरण स्वस्तात मिळत असल्यास खोली व बॅटरीची तपासणी झाल्याविना ते घेऊ नये.

खरेदीची वेळही महत्त्वाची आहे. वर्षातून एकदा मालवणला जाणाऱ्याला स्वतःच्या संगणकाची गरजच नाही. तारकर्लीतील पर्यटन महामंडळाच्या स्कुबा डायव्हिंग संस्थेत किंवा अन्यत्र रीतसर अभ्यासक्रम पूर्ण करून १८ मीटरपर्यंतचे प्रमाणपत्र मिळाल्यावर, भाड्याच्या उपकरणावर हात बसवून मगच खरेदी करावी. दोघांत एक संगणक वापरण्याची काटकसर मात्र धोक्याची. दोन डायव्हर एकाच खोलीवर, एकाच वेळी क्वचितच असतात. डायव्हमध्येच उपकरण बंद पडल्यास सावकाश वर येऊन, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबून डायव्ह संपवावा आणि दुसऱ्याचे उपकरण बांधून त्याच दिवशी पुन्हा उतरू नये. नव्या यंत्राला आधीच्या डायव्हची स्मृती नसते.

उपकरण कितीही महाग असले तरी ते सल्ला देते, निर्णय घेत नाही. सहलीचे वेळापत्रक आखताना शेवटचा दिवस कोरडा ठेवणे, हा निर्णय डायव्हरनेच घ्यावयाचा आहे. त्या एका दिवसाच्या मुक्कामाचा खर्च उच्चदाब कक्ष शोधत फिरण्याच्या खर्चापुढे नगण्य ठरतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याचा डायव्ह पाण्याबाहेर येताच संपतो. विदर्भातील डायव्हरने मात्र घाट ओलांडून घरी पोहोचेपर्यंत तो संपला, असे मानू नये.