अम्मीचे आडनाव

माझ्या अम्मीला आडनाव नाही. रेशनकार्डापासून आधारपर्यंत तिचे एकच नाव आहे. आमच्याकडे अशा बायका पुष्कळ. भांडुप स्टेशनबाहेर फॉर्म भरून देणारा दर वेळी विचारतो, "आडनावाच्या रकान्यात काय टाकू?" कधी तो अब्बांचे नाव टाकतो, कधी नुसते टिंब. मग दोन कागदांवरची नावे जुळत नाहीत आणि आमचे हेलपाटे सुरू होतात.

गेल्या वर्षी हाच प्रश्न मला कामावर भेटला. लोकांचे अर्ज भरून घेणारा आमचा जुना प्रोग्रॅम टाइपस्क्रिप्टमध्ये आहे. या भाषेत 2016 साली 2.0 आवृत्तीबरोबर 'स्ट्रिक्ट नल चेक्स' आले. त्याआधी 'आडनाव म्हणजे मजकूर' असे लिहिले, तरी त्या जागी काहीच नसलेले, म्हणजे नल, खपून जाई. ते ऐन वेळी, अर्जदारासमोरच उघडे पडे. नवी तपासणी चालू केली की किंमत कुठे नसू शकते, हे आधीच सांगावे लागते.

आम्ही ती चालू केली आणि शेकडो चुका दिसल्या. आपोआप दुरुस्ती करणारी स्क्रिप्ट चालवली, तर दुपारपर्यंत सगळ्या गायब! पाहिले, तर तिने बहुतेक ठिकाणी उद्गारचिन्ह लावले होते. त्याचा अर्थ, 'किंमत आहेच, तपासू नकोस.' उरलेल्या ठिकाणी रिकामा मजकूर भरला होता. म्हणजे पुन्हा टिंबच. चूक तिथेच होती, फक्त ती दाखवणाऱ्याचे तोंड बंद केले होते.

स्क्रिप्ट वापरूच नये, असे मी म्हणत नाही. जागा शोधायला तिच्यासारखी मदत नाही. पण रकाना रिकामा का, हे तिला कसे कळणार? विचारलेच नव्हते? सांगायचे नव्हते? की अम्मीसारखे, मुळात नाहीच? तिन्ही ठिकाणी करायचे काम वेगळे आहे आणि ते माणसानेच ठरवायला हवे.

'व्हीएस कोड'च्या चमूनेही हे स्थलांतर 2019 मध्ये पुरे केले, तेही फाइलमागून फाइल घेत. आम्हीही उद्गारचिन्हे काढली आणि एकेक फाइल हाती घेतली. वेळ गेला, वरिष्ठांची बोलणी खाल्ली. पण आता आडनावाशिवायही अर्ज पुढे जातो.

आडनाव नसणे ही अम्मीची चूक नव्हती. ते असणारच, असे आम्ही धरून चाललो होतो.