रंग लावून इंजिन जिवंत होत नाही

स्थानकासमोरच्या चौथऱ्यावरील वाफेच्या इंजिनावर काळ्या रंगाचा हात फिरवला की जतन झाले, असे आपण मानतो. रंगाखाली पत्रा मात्र गंजतच असतो.

जुने इंजिन पुन्हा धावू शकते. 1855 साली बांधलेले आणि 1909 मध्ये निवृत्त झालेले ‘फेअरी क्वीन’ 1997 मध्ये प्रवासी घेऊन धावले. पण असे काम सोपे नाही. बॉयलरच्या नळ्या बदलाव्या लागतात, पत्र्याची जाडी मोजावी लागते, पाण्याच्या दाबाची चाचणी घ्यावी लागते. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, ते घडवावे लागतात.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. मिरज-बेळगाव-लोंढा हा मार्ग पूर्वी 1000 मि.मी.चा मीटरगेज होता, आज तो 1676 मि.मी.चा ब्रॉडगेज आहे. मीटरगेजचे इंजिन दुरुस्त केले तरी ते चालवायचे कोणत्या रुळावर?

त्याहून मोठी हानी कसबाची आहे. देशातील ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित सेवा डिसेंबर 1995 मध्ये संपली. तेव्हा पस्तिशीत असलेला फायरमनही आज निवृत्त झाला आहे. झडपेच्या आवाजावरून दोष ओळखणारे कान आता किती उरले?

म्हणून उघड्यावरच्या इंजिनांना छप्पर आणि नियमित तपासणी मिळावी, ही मागणी आपण रेल्वेकडे केलीच पाहिजे. हुबळीत 2020 मध्ये रेल्वे संग्रहालय सुरू झाले. तेथे जुन्या कामगारांचे अनुभव, मग ते मराठी असोत वा कन्नड, नोंदवले जावेत. बेळगाव, खानापूर, निपाणीतील बांधवांनी आपल्या घरातील निवृत्त रेल्वे कामगारांना आजच बोलते करावे. सुटा भाग उद्याही घडवता येईल. तो बसवायचा कसा, हे सांगणारा माणूस उद्या नसेल.