विश्लेषण : १३ दिवसांत मागे घेतलेला शोधनिबंध! वैद्यकीय नियतकालिकांची आचारसंहिता कुठे तोकडी पडते?

‘संशोधनातून सिद्ध झाले आहे’ हे शब्द टूथपेस्टच्या जाहिरातीपासून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या काढ्यापर्यंत सगळीकडे असतात. ते संशोधन कुणी तपासले, छापण्यापूर्वी कोणते नियम लावले आणि ते चुकीचे निघाले तर पुढे काय झाले, हे मात्र क्वचितच कुणी विचारते. करोनाच्या पहिल्या लाटेत जगातील सर्वांत प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकांपैकी एकालाच या प्रश्नांना सामोरे जावे लागले होते. त्याचा थेट संबंध भारतातील घराघरांत पोहोचलेल्या एका गोळीशी होता.

काय होते हे प्रकरण?

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, म्हणजे मलेरिया आणि संधिवातासाठी वापरले जाणारे जुने, स्वस्त औषध. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने (आयसीएमआर) मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना करोना प्रतिबंधासाठी ते घेण्याची शिफारस केली. मुंबई महापालिकेने धारावी आणि वरळीतील रहिवाशांना ते देण्याचा विचार केला होता. अमेरिकेसह अनेक देशांनी भारताकडे या गोळ्यांची मागणी केली.

अशा वेळी २२ मे २०२० रोजी ‘द लॅन्सेट’मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सहा खंडांतील ६७१ रुग्णालये आणि ९६,०३२ रुग्ण एवढा त्याचा आवाका होता. निष्कर्ष असा, की हे औषध दिलेल्या रुग्णांत मृत्यूचे आणि हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे प्रमाण जास्त आहे. तीनच दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीतील या औषधाचा भाग तात्पुरता थांबवल्याचे जाहीर केले. योगायोग असा, की ज्या दिवशी हा निबंध आला त्याच दिवशीच्या तारखेने आयसीएमआरने औषधाची शिफारस आणखी गटांसाठी वाढवली होती.

निबंधातील आकडे मात्र अनेकांना खटकले. ऑस्ट्रेलियातील पाच रुग्णालयांच्या नावावर दाखवलेले मृत्यू त्या तारखेपर्यंत संपूर्ण देशात झालेल्या मृत्यूंपेक्षा जास्त होते. आफ्रिकेतील रुग्णालयांच्या इतक्या तपशीलवार डिजिटल नोंदी कुठून आल्या, हाही प्रश्न होता. शंभरहून अधिक शास्त्रज्ञ आणि डॉक्टरांनी खुले पत्र लिहून मूळ विदा दाखवा अशी मागणी केली. ही विदा ‘सर्जिस्फिअर’ या अमेरिकेतील छोट्या कंपनीकडे होती आणि कंपनीचे संस्थापक सपन देसाई हे निबंधाचे एक लेखक होते. स्वतंत्र तपासनीस नेमले गेले. तेव्हा रुग्णालयांशी असलेल्या गोपनीयतेच्या कराराचे कारण देत कंपनीने पूर्ण विदा देण्यास नकार दिला. अखेर उरलेल्या तीन लेखकांनी ४ जून रोजी निबंध मागे घेतला. याच कंपनीच्या विदेवर आधारलेला ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील दुसरा निबंधही त्याच दिवशी मागे घेतला गेला.

छापण्यापूर्वी तपासणी झाली नव्हती का?

झाली होती, आणि खरी मेख इथेच आहे. वैद्यकीय नियतकालिकाकडे निबंध आला की संपादक तो त्या विषयातील दोन-तीन तज्ज्ञांकडे पाठवतो. हे परीक्षक बहुधा मानधनाशिवाय, आपली ओपीडी आणि शिकवणी सांभाळून हे काम करतात. अभ्यासाची पद्धत योग्य आहे का, संख्याशास्त्र बरोबर आहे का, निष्कर्ष आकड्यांतून निघतो का, हे ते पाहतात. रुग्णांच्या मूळ नोंदी त्यांच्यासमोर नसतात. सनदी लेखापाल ताळेबंद तपासताना पावत्या मागतो, तसे इथे होत नाही. इथला परीक्षक ताळेबंदाची बेरीज बरोबर आहे एवढेच सांगतो आणि पावत्या खऱ्या असल्याचे गृहीत धरतो. विज्ञानाचा हा सगळा व्यवहार विश्वासावर चालतो, आणि बहुतेक वेळा तो विश्वास रास्तही ठरतो.

‘लॅन्सेट’च्या निबंधात धक्कादायक बाब होती ती परीक्षकांच्याही आधीची. चारपैकी तीन लेखकांनी स्वतःही मूळ विदा स्वतंत्रपणे पडताळलेली नव्हती. त्यामुळे सप्टेंबर २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ने नियम बदलले. एकापेक्षा अधिक लेखकांनी मूळ विदा प्रत्यक्ष पाहून पडताळल्याचे लेखी द्यावे लागते. संशोधनात कंपनीचा सहभाग असेल, तर विदा पडताळणाऱ्यांपैकी एक जण तरी त्या कंपनीबाहेरचा असावा लागतो. दोनशे वर्षांची परंपरा सांगणाऱ्या नियतकालिकाला एवढी साधी अट घालायला महासाथीची वाट पाहावी लागली, हे विसरता येणार नाही.

मग औषध गुणकारी होते का?

या प्रश्नावर त्या वेळी समाजमाध्यमांत मोठा गोंधळ झाला. निबंध मागे घेतला म्हणजे औषधाविरुद्ध कट होता आणि औषध गुणकारीच आहे, असा अर्थ अनेकांनी काढला. तो चुकीचा होता. निबंध मागे घेतल्याने एवढेच कळते, की त्या आकड्यांवर विसंबता येत नाही. उलटे विधान त्यातून सिद्ध होत नाही. दुसऱ्याच दिवशी, ५ जून रोजी, ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. औषध दिलेल्या १,५४२ आणि न दिलेल्या ३,१३२ रुग्णांची त्यात तुलना होती. २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे २५.७ आणि २३.५ टक्के निघाले. म्हणजे रुग्णालयात दाखल झालेल्यांना औषधाचा काहीच फायदा नव्हता. भारतातही सप्टेंबर २०२१ मध्ये करोना उपचारांच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि आयव्हरमेक्टिन ही दोन्ही औषधे वगळण्यात आली.

आयव्हरमेक्टिनची कथाही अशीच. गोवा सरकारने मे २०२१ मध्ये १८ वर्षांवरील सर्वांना या गोळ्या देण्याचे जाहीर केले, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने चाचण्यांखेरीज हे औषध करोनासाठी वापरू नये असे आधीच सांगितले होते. पुढे जुलैमध्ये या औषधाची बाजू भक्कम करणारा इजिप्तमधील एक अभ्यास त्याच्या संकेतस्थळावरून काढून घेण्यात आला. तो कुठल्याही नियतकालिकात छापलेला नव्हता, तर तज्ज्ञांच्या परीक्षणापूर्वीच खुला केलेला मसुदा, म्हणजे ‘प्रीप्रिंट’ होता. तोपर्यंत अनेक एकत्रित विश्लेषणांत त्याचे आकडे मिसळले गेले होते.

सर्वांत जुना धडा कोणता?

एमएमआर लशीचा. ‘लॅन्सेट’नेच फेब्रुवारी १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड आणि १२ सहलेखकांचा निबंध छापला होता. अवघ्या १२ मुलांच्या निरीक्षणावरून गोवर, गालगुंड, रुबेला यांच्या एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी संबंध असू शकतो, असे त्यात सूचित केले होते. पत्रकार ब्रायन डिअर यांनी पाठपुरावा केला आणि एकेक गोष्ट बाहेर आली. लस कंपन्यांविरुद्ध दावा लढणाऱ्या वकिलाकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळत होते आणि ते त्यांनी निबंधात जाहीर केलेच नव्हते. मुलांच्या निवडीबद्दलची माहितीही खरी नव्हती. २००४ मध्ये १० सहलेखकांनी निष्कर्षातून अंग काढून घेतले. निबंध पूर्णपणे मागे घेतला गेला तो फेब्रुवारी २०१० मध्ये, आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली.

सर्जिस्फिअर प्रकरणात १३ दिवस लागले, इथे १२ वर्षे. मधल्या काळात ब्रिटनमध्ये लसीकरण घसरले आणि गोवर परतला. लशीविरुद्धचा तो समज आजही इतर देशांत, आपल्याकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांतही, अधूनमधून डोके वर काढतो. हितसंबंध जाहीर करण्याचा नियम केवळ कागदी औपचारिकता का नाही, हे यातून दिसते. पैसे घेतले म्हणून संशोधन आपोआप खोटे ठरत नाही. पण ते कुणाकडून आले हे माहीत असेल, तर वाचणारा डॉक्टर निष्कर्षाकडे अधिक सावधपणे पाहतो.

लेखक कुणाला म्हणायचे?

सामान्य वाचकाला हा प्रश्न किरकोळ वाटेल, वैद्यकीय महाविद्यालयांत मात्र सर्वाधिक कुरबुरी याच मुद्द्यावर होतात. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने (आयसीएमजेई) चार अटी घातल्या आहेत. अभ्यासाच्या आखणीत किंवा विदेच्या कामात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या गंभीर दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. चारही पूर्ण करणाराच लेखक. विभागप्रमुख आहेत म्हणून, यंत्र वापरू दिले म्हणून किंवा ‘मागच्या वेळी त्यांनी आपले नाव घातले होते’ म्हणून कुणी लेखक होत नाही. प्रत्यक्षात अशी भेट दिलेली लेखकपदे सर्रास दिसतात. रात्रभर बसून केसपेपर चाळणाऱ्या निवासी डॉक्टरचे नाव तिसरे किंवा चौथे आणि सरांचे पहिले, ही तक्रार नवीन नाही. ती लेखी मात्र फारशी येत नाही, कारण परीक्षेत गुण त्याच सरांच्या हातात असतात.

याच समितीने २००५ पासून आणखी एक अट घातली. औषधचाचणी सुरू होण्यापूर्वी तिची सार्वजनिक नोंदणी झालेली नसेल, तर तिचा निबंध छापायचा नाही. अनुकूल निकाल छापून प्रतिकूल निकाल फडताळात ठेवण्याच्या कंपन्यांच्या सवयीला त्यामुळे आळा बसला. भारतात अशी नोंदणी २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून ती बंधनकारक आहे. चॅटजीपीटीसारख्या साधनांना लेखक करता येणार नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाहीत, हेही समितीने २०२३ मध्ये स्पष्ट केले. वापर केला असेल तर तो सांगावा लागतो.

भारतात प्रश्न इतका गंभीर का?

कारण इथे शोधनिबंध बढतीला जोडलेला आहे. वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापकांना पुढच्या पदासाठी ठरावीक निबंध दाखवावे लागतात. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २०१५ मध्ये यासाठी पहिल्या दोन लेखकांनाच श्रेय देण्याचे आणि केवळ ऑनलाइन निघणारी नियतकालिके न मोजण्याचे ठरवले. टीका झाल्यावर नियम पुन्हा बदलले. तालुक्याच्या ठिकाणी रोज शेकडो रुग्ण तपासणाऱ्या, ग्रंथालय आणि निधी दोन्ही नसलेल्या अध्यापकाकडून हेच मागितले, की बाजार उभा राहणारच. पैसे भरा, आठवड्यात निबंध छापून घ्या.

या बोगस नियतकालिकांचा एक जागतिक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१० मध्ये त्यांत सुमारे ५३ हजार निबंध छापले गेले होते, २०१४ मध्ये सुमारे ४ लाख २० हजार. लेखकांपैकी सुमारे एकतृतीयांश भारतातील होते. हैदराबादस्थित ‘ओमिक्स’ समूहाला अमेरिकेतील न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. तज्ज्ञ परीक्षणाचे खोटे दावे, संमती न घेता संपादक मंडळात घातलेली नावे आणि लपवलेले शुल्क हे त्यातील आक्षेप होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाची स्वतःची यादीही यातून सुटली नाही. विद्यापीठांनी सुचवल्यामुळे यादीत आलेल्या नियतकालिकांची पुण्यातील सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तपासणी केली, तेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असू शकतात असे आढळले. मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नावे वगळली. त्यानंतर याच विद्यापीठाच्या आधाराने ‘यूजीसी-केअर’ यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली. आता नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आहे. ज्या विद्यापीठांच्या शिफारशींमुळे यादी बिघडली, त्यांच्याकडेच चाळणी सोपवण्याचा हा निर्णय धाडसी म्हणावा लागेल.

चांगली उदाहरणे नाहीत असे नाही. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालयातून १९५५ पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ निघते. वैद्यकीय नीतिशास्त्राला वाहिलेले ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ही मुंबईतच १९९३ मध्ये सुरू झाले. अशा नियतकालिकांत निबंध नाकारला जातो, दुरुस्तीसाठी परत येतो, महिनोन्महिने थांबावे लागते. बढतीची तारीख तोंडावर आलेल्या अध्यापकाला नेमके हेच परवडत नाही.

निबंध मागे घेतला हे वाचकाला कसे कळते?

प्रकाशन नीतीसंबंधीच्या ‘कोप’ या समितीच्या संकेतानुसार मागे घेतलेला निबंध सहसा पुसून टाकत नाहीत. तो जागेवरच राहतो, त्यावर ठळक शिक्का येतो आणि कारण सांगणारी सूचना जोडली जाते. ‘पबमेड’ या मोफत संकेतस्थळावर निबंधाचे शीर्षक टाकले, तर मागे घेतल्याची सूचना वरच दिसते. ‘रिट्रॅक्शन वॉच’ची यादीही सर्वांना खुली आहे. वेकफिल्ड यांचा १९९८ चा निबंध आजही ‘लॅन्सेट’च्या संकेतस्थळावर आहे. त्याच्या पानांवर लाल अक्षरांत ‘रिट्रॅक्टेड’ असे आडवे छापलेले आहे.