कार्बनचा बाजार आणि घरचे वीजदेयक

ऊर्जा संवर्धन कायद्यातील 2022 च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला कार्बन पत व्यापाराची चौकट आखण्याचा अधिकार दिला आणि 2023 मध्ये तशी योजना अधिसूचित झाली. एक टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन टाळल्याबद्दल मिळणारे विक्रीयोग्य प्रमाणपत्र म्हणजे कार्बन पत होय. यवतमाळ जिल्ह्याला हा विषय दूरचा नाही, कारण वणी परिसरातील कोळसा खाणी व मुकुटबनचा सिमेंट उद्योग याच जिल्ह्यात असून सिमेंट हे योजनेच्या आरंभीच्या क्षेत्रांपैकी एक आहे. पुढे औष्णिक वीजनिर्मितीही या योजनेतील उत्सर्जन-मर्यादेच्या बंधनाखाली आली, तर मर्यादा ओलांडल्यास कराव्या लागणाऱ्या पत खरेदीचा खर्च महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या मान्यतेने वीजदरात उतरू शकतो आणि दोन दिवे व एक पंखा चालवणाऱ्या शेतमजुराच्या घरालाही तो भार सोसावा लागेल. कॅलिफोर्नियाने 2006 च्या कायद्यावर उभारलेल्या अशाच बाजारातील उत्पन्नाचा काही भाग घरगुती देयकांत सवलत म्हणून परत दिला. प्रदूषणाची किंमत ठरवताना ती कोणी भरायची आणि त्यातून आलेला पैसा कोणाकडे वळायचा, हेही कायद्यातच स्पष्ट व्हावे, अन्यथा ज्यांच्या भूमीतून कोळसा निघतो त्यांच्यावरच दुहेरी ओझे पडेल. प्रस्तुत अंक याच प्रश्नाला वाहिलेला आहे.